बोट

हेडसेट चढवला की शेडमधली थंडी
जात नाही, फक्त दिसायची थांबते.
समोर तरंगते चार वल्ह्यांची होडी,
एकतीस लाख ठिपक्यांची,
डांबराचा वास वजा करून.

नियम सोपा आहे, मी इंगेब्रिग्तना सांगते.
अंगठा आणि तर्जनी, मीठ घेतो तशी चिमूट.
जिथे चिमूट मिटेल
तो भाग पिवळा होईल,
नाळ म्हणा, वल्ह्याची खुंटी म्हणा, एखादी फळी म्हणा.
मग त्याला नाव द्यायचं. एवढंच.

ते उजवा हात वर धरतात.
तर्जनी नाही.
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, पट्ट्याची करवत,
नॉर्वेच्या या काठावर दुपारी तीनलाच पडणारा अंधार.
"मीठ मी चमच्याने घेतो, तोरुन," म्हणतात.

हे मला माहीत होतं. तीन वर्षं
याच हाताने त्यांनी मला कॉफी दिलीय.
तरी नियम लिहिताना
डोळ्यांसमोर होता तो माझाच हात.

मधलं बोट अंगठ्याला टेकवून पाहतात.
यंत्र क्षणभर घुटमळतं
आणि अख्खी होडी पिवळी करतं,
नाळेपासून वरामीपर्यंत,
खालच्या टेकूंसकट.
बोट दिलं की हात धरणारी जात.
पुन्हा. पुन्हा होडी.
तिसऱ्यांदा भिंतीवरचं घड्याळ.

आम्हाला हवी होती एक फळी,
डाव्या अंगाची, खालून दुसरी.
ती मूळची नाही, नंतर बसवलेली.
कधी, कशी, वहीत नोंद नाही.
ठाऊक आहे ते त्या हाताला,
ज्याला यंत्र हात मानत नाही.

ते चिडले नाहीत, तेच वाईट.
मधल्या बोटाच्या पेराने हवेत ठोकलं त्यांनी,
टक, टक,
कुजकं लाकूड शोधताना ठोकतात तसं,
आणि कान पुढे केला.
हवा काय बोलणार.
डोळ्यांपुढे अक्षरं आली:
हालचाल ओळखता आली नाही.

मग ती टकटक मी त्यांच्याकडून दोनशे वेळा करून घेतली,
खांद्यातून निघणारी, मनगटात थबकणारी,
आणि रात्री थांबून
चिमटीच्या शेजारी तिला जागा केली.
पाची बोटं सारखी नसतात, म्हणतात लोक.
मी तेच आकड्यांत लिहीत होते, उशिरा.
बाहेर बेटावरची शेवटची फेरी आली, गेली.

सकाळी टक, टक, आणि फळी पिवळी.
एकच. स्वच्छ. लांबच्या लांब.
मी टाळी वाजवली
(टाळीने सुकाणू निवडलं गेलं).

"एवढी नाही," ते म्हणाले.
"चौथ्या खिळ्यापासून पुढे. मागची जुनीच आहे, काकांची."

मी ठिपके जवळ ओढले, नाकाशी आणले.
सांधा नव्हता.
इतका बेमालूम बसवलेला
की एकतीस लाखांतल्या एकालाही दिसला नाही.
यंत्राच्या लेखी जिथे कड नाही
तिथे भाग नाही.
"म्हणजे काम बरं झालं होतं,"
इंगेब्रिग्त म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

हेडसेट काढून पलीकडच्या दालनात गेलो.
दोरी, आणि पाटी: हात लावू नये.
पाटी मीच लावलेली.
त्यांनी माझं मनगट धरून दोरीपार नेलं,
माझं पेर फळीवर टेकवलं.
टक.
टक.
तिसऱ्या खिळ्याशी लाकूड पोटातून बोललं,
पाचव्याशी दातांतून.
मधे कुठेतरी
माझी तर्जनी आपोआप पुढे झाली, दाखवायला.
मी ती मिटून घेतली.

कुठपासून कुठवर, ते आता नोंदलंय.
का बदलली, या रकान्यापाशी
त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली
आणि जाताना दाराच्या चौकटीवर, सवयीने,
दोनदा ठोकलं.